राखण नावाचं यंत्र

आम्रपाली आणि मी ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एका वर्गात होतो. मी मूळ परभणीकडचा. वडील चाकणला ठेकेदाराकडे कामाला आणि आम्ही पाचजण दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. ती भोसरीची. तिच्या आईच्या, शालनमावशींच्या, उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली तेव्हा ती दुसरीत होती. मावशी त्याबद्दल स्वतःहून कधी बोलत नाहीत. भाकरी डाव्या हातानं थापतात, एवढंच.

पॉवर प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं मशीन. कामगार पत्रा आत ठेवतो, पायानं पेडल दाबतो आणि वरून ठोका पडतो. एका शिफ्टमध्ये चार-पाच हजार वेळा हेच. हात बाहेर यायच्या आधी पाय पडला की झालं. आम्ही दोघांनी नोकऱ्या सोडून, साठवलेले पैसे घालून एक यंत्र केलं. आत हात असेल तर पेडल दबायचंच नाही. जुन्यातल्या जुन्या प्रेसवरही बसायचं आणि बाहेरून येणाऱ्या यंत्रणेच्या पाव किमतीत पडायचं. आम्रपालीनं त्याचं नाव ठेवलं राखण.

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये चौदा प्रेस होत्या. तिथल्या पाचांवर आम्ही राखण बसवली. चार महिने एकही तक्रार आली नाही. मालकानं उरलेल्या नऊ मशीनचीही ऑर्डर दिली. त्याच आठवड्यात चाकणच्या एका मोठ्या कंपनीनं आपल्या पुरवठादारांसाठी दोनशे नग मागितले. आम्ही दोघं कितीतरी वेळ हसत होतो. मग हिशोब मांडला आणि हसू गेलं. सुटे भाग रोख घ्यावे लागणार होते आणि पैसे मिळणार होते माल पोचल्यावर तीन महिन्यांनी. आमच्याकडे नऊ नगांचे भाग आणायलाही काही उरलं नव्हतं.

शालनमावशींनी न विचारता घराची कागदपत्रं काढून टेबलावर ठेवली. भोसरीतलं दीड खोलीचं घर, त्यांच्या नावावर. गहाण ठेव म्हणाल्या. आम्रपालीनं कागद परत कपाटात ठेवले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा टेबलावर होते.

दुसरी वाट जयसिंग सरांची होती. त्यांनी तीन-चार कंपन्यांत पैसे घातले होते. आमचं यंत्र त्यांनी स्वतः भोसरीला येऊन पाहिलं, ऑपरेटर बायकांशी बोलले. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही म्हणावं लागतं. चाकणची सगळी ऑर्डर पुरी होईल एवढे पैसे ते द्यायला तयार होते. बदल्यात कंपनीत तिसरा हिस्सा आणि संचालक मंडळावर त्यांची दोन माणसं, आमच्या बाजूनं एकटी आम्रपाली. आणि एक गोष्ट त्यांनी अगदी शांतपणे सांगितली.

"हात वाचवायला मालक एकदाच पैसे देतो. कोणता कामगार तासाला किती ठोके मारतो, हे बघायला तो दर महिन्याला देईल. तुमचा सेन्सर ते आताही मोजू शकतो."

परतताना आम्रपाली गाडीवर माझ्यामागे बसली होती. नाशिक फाट्याच्या सिग्नलला म्हणाली, "आईला कोणी मोजत असतं तर तिचं तिसरं बोटही गेलं असतं."

मला जयसिंग सरांचे पैसे हवे होते. आठ महिने मी घरी एक रुपया दिला नव्हता आणि बहिणीची फी थकली होती. पण मावशींच्या घराकडे बघून मला ते बोलता येईना आणि घर गहाण ठेव असंही सांगता येईना. आम्रपालीला ना घर घालवायचं होतं, ना यंत्र. तिनं बँकांत चकरा मारल्या. तारण विचारलं की ती उठून यायची. असे सात आठवडे गेले. भोसरीच्या मालकाचे फोन यायचे. मी दर वेळी पंधरा दिवस सांगायचो.

आठव्या आठवड्यात त्याचा फोन आला तो नगांसाठी नव्हता. नवव्या मशीनवर करिष्मा नावाची मुलगी होती, लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेली. उजव्या हाताची तीन बोटं गेली होती.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा शालनमावशी आधीच तिथं होत्या. त्यांना कोणी कळवलं ते समजलं नाही. करिष्माच्या उशाशी स्टुलावर बसल्या होत्या, स्वतःचा हात पदराखाली घेऊन. करिष्मानं आम्हाला ओळखलं. पलीकडच्या मशीनवर राखण बसवताना तिनं आम्हाला पाहिलं होतं. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"ताई, माझ्या मशीनवर कधी बसणार होतं ते?"

आम्रपाली म्हणाली, "मागच्या महिन्यात."

करिष्मानं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिसऱ्या दिवशी आम्रपालीनं जयसिंग सरांच्या कागदांवर सही केली. मलाही सही करायची होती. पेन हातात घेतलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली.

पैसे आले. भोसरीच्या उरलेल्या प्रेसवर राखण पंधरा दिवसांत बसली. चाकणचे दोनशे नग तीन महिन्यांत गेले. त्यातून किती हात वाचले हे सांगता येत नाही, कारण जे झालंच नाही ते कुठं दिसत नाही. ठोक्यांचे आकडे मात्र दिसायला लागले. मालकांच्या मोबाइलवर प्रत्येक ऑपरेटरचं नाव आणि पुढं संख्या. त्या आकड्यांसाठी आणखी तीनशे नगांची मागणी आली.

मग तक्रारी सुरू झाल्या. राखणमुळे पेडल क्षणभर अडतं, ठोके कमी पडतात. मालकांना राखण बंद ठेवून नुसती मोजणी चालू ठेवता येईल असं बटण हवं होतं. बैठकीत आम्रपाली तासभर बोलली. करिष्माचं सांगितलं, आईचं सांगितलं. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. जयसिंग सर म्हणाले की बटण दिलं नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल आणि मग आहे ती राखणही राहणार नाही. यातलं काही खोटं नव्हतं. दोन विरुद्ध एक असा ठराव झाला.

तिनं महिनाभरात कंपनी सोडली. करारात लिहिलं होतं की तीन वर्षं तिला असं यंत्र कुठंही करता येणार नाही. वकिलाला दाखवलं, त्यानं पानं उलटून परत दिली. आता ती चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. कंपनीच्या बसनं जाते आणि येते.

मी राहिलो. पगार सुरू झाला होता, बहिणीचं शेवटचं वर्ष होतं.

मध्ये एकदा मी भोसरीला तिच्या घरी गेलो. मावशींनी चहा दिला. आम्रपालीनं माझ्याकडे न बघता विचारलं, "तेव्हा घर गहाण ठेवलं असतं तर?"

मी म्हटलं, कदाचित घर गेलं असतं. कदाचित करिष्माची बोटं वाचली असती. कदाचित दोन्ही. मावशी म्हणाल्या, "मी तर कागद काढून ठेवले होते," आणि रिकामे कप घेऊन आत गेल्या.

गेल्या आठवड्यात मला चाकणला बटणं बसवायला पाठवलं होतं. एका दिवसात अकरा मशीन. शेवटच्या मशीनवर चाळिशीच्या एक बाई होत्या. काम होईपर्यंत त्या बाजूला उभ्या होत्या. हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मालक मागंच उभा होता. मी म्हटलं, काम लवकर व्हावं म्हणून. त्या बरं म्हणाल्या. मी कागदावर मालकाची सही घेतली, हत्यारं पिशवीत भरली. बाई स्टुलावर बसल्या, पत्रा आत सरकवला आणि पाय पेडलवर ठेवला. ठोके ऐकू येत होते तोवर मी गेटकडे चालत राहिलो.