या वेळी माया बाहेर बसणार होती

मी झारा बोलतोय. अंबरनाथला बुवापाड्यात, मायाच्या गॅसच्या वर खिळ्याला लटकलेला असतो तो. बोलतोय कसला, भांडतोच आहे असं समजा. आयुष्यभर उकळत्या तेलात बुडालो, कधी हूं की चूं केलं नाही. पण त्या रविवारी जे झालं, त्यानंतर गप्प बसवत नाही.

माझा जन्म उल्हासनगरच्या एका लहानशा कारखान्यातला. पत्रा कापला, भोकं पाडली, दांडा ठोकला, झालं. बारसं-बिरसं काही नाही. मला पहिल्यांदा घरी नेलं ते मोहिनीभाभीने. माया तेव्हा नवी नवरी होऊन तिच्या शेजारच्या खोलीत राहायला आली होती. भाभी सिंधी, त्यांच्या पद्धतीने भजी दोनदा तळायची. आधी मोठे मोठे गोळे अर्धेकच्चे तळून काढायचे, उघड्यावर गार करायचे, मग हाताने तोडून पुन्हा कडकडीत तेलात सोडायचे. असे कुरकुरीत व्हायचे की बास!

"मेहमान आने से पहले आधा काम खतम, समझी? फिर तू भी बैठ सबके साथ," असं भाभी मायाला सांगायची. मायाचं बिऱ्हाड अंबरनाथला हललं तेव्हा भाभीने मला घासूनपुसून तिच्या पिशवीत घातलं.

माया तळणं शिकली. सबके साथ बसणं मात्र तिला कधी जमलं नाही. जमणार कसं? या घराला 'गरमागरम'ची खोड. वाढदिवस असो, जयंती असो, पाहुणे टेकले की बाहेरून आवाज येतो, "येऊ दे अजून एक प्लेट!" आणि आम्ही दोघं आत, घाणा टाक, घाणा काढ. माया पदराने तोंड पुसत बाहेर जाईपर्यंत तिकडे खुर्च्या उचलायला लागलेले असतात. घरातल्या एकाही फोटोत ती धड नाही. मी तर हॉल कसला असतो तेसुद्धा बघितलं नव्हतं.

यंदा माया कंपनीत पॅकिंगची सुपरवायझर झाली. हाताखाली अख्खी लाइन! तिच्यासोबत काम करणाऱ्या बायकांना तिने रविवारी संध्याकाळी घरी बोलावलं. मोरपंखी साडी घेतली. आणि नवऱ्याला, राजरत्नला, स्वच्छ सांगितलं, "अहो, या वेळी मी बाहेर बसणार. माझी पार्टी आहे."

"बस की. कोण नाही म्हणतंय?" तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

दुपारीच तिने गोळे तळून घेतले. काय सुरेख घाणे उतरले! फिकट, आतून ओलसर, अगदी भाभीसारखे. सुपात कापड अंथरून तिने ते सुटे सुटे पसरले. राजरत्नला उभं करून समजावलं, "गार झाले की तोडायचे आणि कडक तेलात टाकून लगेच काढायचे. बाकी काही करायचं नाही. आणि झाकू नका हां कुणी."

"त्यात काय एवढं!" तो म्हणाला आणि एक गोळा तोंडात टाकून गेला.

माया आंघोळीला गेली. तेवढ्यात तिची सासू, गंगूबाई, आत आली. म्हातारी मायाळू आहे, खोटं कशाला बोलू? सूप बघून पुटपुटली, "गारढोण होतील बिचारे. पोरीला पुन्हा मेहनत." आणि तिने सगळे गोळे उचलून पोळ्या गरम ठेवायच्या डब्यात भरले, दाबून दाबून, आणि वरून झाकण घट्ट फिरवलं.

अहो आजी, नका! मी खिळ्यावरून किती ओरडलो! पण झाऱ्याचं कोण ऐकतो?

संध्याकाळी राजरत्नने डबा उघडला आणि आतून भपकन वाफ आली. गोळे घामेजून एकमेकांना चिकटलेले. तोडायला गेला तर हातात पीठ. तेलात सोडले तर स्पंजासारखं तेल पिऊन बसले. तो मला असा घुसळत होता की जणू ताक करतोय.

बाहेर मायाचा आवाज येत होता. हसत होती हो ती! इतक्या वर्षांत तिचं असं मोकळं हसणं मी ऐकलं नव्हतं. मनात म्हटलं, राजरत्ना, मऊ तर मऊ, तेच वाढ, पण तिला हाक मारू नकोस.

"माया, जरा येतेस का? दोनच मिनिटं!"

मारलीच हाक! वर तिचा दीर श्यामकांत हॉलमधून, "वहिनी, तुमच्या हातचं गरमागरम होऊन जाऊ दे!"

ती आली. डब्यात बघितलं. "कुणी झाकले?" एवढंच विचारलं. गंगूबाई कावरीबावरी झाली. मायाने मोरपंखी पदर खोचला, नव्याने पीठ कालवलं आणि मला उचललं. तिची मूठ इतकी आवळलेली कधी नव्हती.

थोड्या वेळाने तिच्या लाइनवरची विठा आत आली. "मायाताई, आम्ही काय भजी खायला आलोय? चला, फोटो काढायचाय!" तिने गॅस बंद केला आणि मायाला दंडाला धरून बाहेर ओढलं. मी तसाच तिच्या हातात.

हॉल बघितला मी. पंखा, फुगे, मध्ये सजवलेली खुर्ची. माया मला कुठे ठेवू म्हणून इकडेतिकडे बघायला लागली, तर राजरत्न म्हणाला, "राहू दे गं हातात! शोभतोय. हीच तर आपली सुपरवायझर!" सगळे हसले. श्यामकांत सगळ्यात मोठ्याने. फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी माया गॅसपाशी उभी राहून मोबाइलवर तो फोटो बघत होती. चेहरा छान आला होता तिचा. मग दोन बोटांनी तिने फोटो मोठा केला, अजून मोठा केला, मी पडद्याबाहेर जाईपर्यंत. तशी बघत राहिली. बोटं उचलली की फोटो पुन्हा आखडायचा आणि मी पुन्हा तिच्या हातात. पुन्हा तिने मोठा केला.

मला वाईट वाटलं नाही. बाई, काप मला त्या फोटोतून, अगदी मुळापासून काप.

आणि घरातल्या बाकीच्यांनो, तुम्हाला हात जोडले असते, पण मला हात नाहीत. तुम्हाला आहेत ना? मग पुढच्या वेळी मला खिळ्यावरून तुम्ही काढा.