जसं दाखवलं तसं

जयराम पगारेने पहिली काळी सोंगटी पटाच्या ऐन मध्यावर ठेवली, तेव्हा गायधनीसाहेब हसले. गो या जपानी पटखेळात सुरुवात कोपऱ्यातून करतात, तिथे जागा वेढणं सोपं असतं, हे सातपूरच्या त्या कारखान्यातल्या सात-आठ खेळणाऱ्यांना ठाऊक होतं. मशीन बसवायला आलेले हिराओका नावाचे जपानी फिटर त्यांना हा खेळ शिकवून, पट मागे ठेवून गेले होते. तेव्हापासून नऊ वर्षांत साहेबांना कुणी हरवलं नव्हतं.

त्र्याऐंशी सालातली रविवारची सकाळ होती. साहेबांनी डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात पांढरी ठेवली. जयरामने उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात नेमक्या तेवढ्याच अंतरावर काळी ठेवली. पुढची खेळीही तशीच, त्यापुढचीही. दहा-बारा खेळ्यांनंतर बघणारे पुढे सरकले.

जयराम पूर्वी ड्रॉईंग ऑफिसात साहेबांच्या हाताखाली ट्रेसर होता. साहेबांच्या आकृतीवर पारदर्शक कागद ठेवून शाईने गिरवायचं, हे त्याचं काम. शहात्तर साली एका यंत्राच्या उजव्या-डाव्या प्लेटा करायच्या होत्या. डावी म्हणजे उजवीचं आरशातलं रूप. साहेबांनी घाईत दोन्ही उजव्याच काढल्या. जयरामने शंका काढली, तर दिलंय तेवढं गिरव म्हणाले. चाळीस प्लेटा भंगारात गेल्या, चौकशी बसली, आणि साहेबांनी लिहून दिलं की ट्रेसरला उजवं-डावं कळत नाही. ड्राफ्ट्समन व्हायचा तो जयराम नकाशांच्या प्रती काढायच्या प्रिंटरूममध्ये अमोनियाचा वास घेत बसला. बायको मालनबाई म्हणायची, सोडून द्या आता. तो सोडणारा नव्हता.

घरी जुन्या कागदावर एकोणीस आडव्या आणि एकोणीस उभ्या रेघा आखून तो चिंचोके आणि कवड्या मांडत बसे. तीनशे एकसष्ट जागा. प्रत्येकीला पलीकडे एक जोडीदार. फक्त मधलीला नाही. ती आपण घेतली की उरल्या एकशेऐंशी जोड्या. साहेब जे खेळतील ते आपण पलीकडे उमटवायचं, शेवटी त्या एका सोंगटीने आपण पुढे. मात्र हिराओकांनी खुणेने बजावलं होतं की लढाई मध्यापाशी आली की नक्कल थांबवायची, तिथे ती अंगाशी येते.

पन्नासाव्या खेळीला मागे कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले.

"काय माकडचाळे लावलेत पगारे? जरा स्वतःचं डोकं चालव की."

जयरामने सोंगटी जागेवर ठेवली, मगच मान वर केली.

"तुम्ही जसं दाखवता तसंच काढतोय, साहेब. तेव्हाही तसंच काढलं होतं."

प्लेटांची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण सात वर्षांत साहेबांच्या तोंडावर ती कुणी काढली नव्हती. चौकशीत साक्षीला बसून गप्प राहिलेले फोरमन भिकन निकम खिडकीबाहेर बघू लागले.

साहेबांनी मग चिडून मध्यावरच घाव घातला. वेढा आवळत आला. आणखी एक नक्कल केली असती तर मधल्या काळ्या सोंगट्या गेल्याच असत्या. जयरामने नक्कल सोडली. वेढ्याच्या सांध्यात त्याने एक सोंगटी ठेवली, आणि चार खेळ्यांत साहेबांच्याच सोळा पांढऱ्या कोंडल्या गेल्या. नियमाप्रमाणे त्या पटावरून उचलायच्या असतात. त्याने त्या एकेक करून उचलल्या आणि साहेबांना दिसतील अशा ओळीने मांडल्या. घाई केली नाही.

साहेब पुढे वाकले. जेमतेम त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ती चूक माझी होती, जयराम."

"मोठ्याने बोला, साहेब. सगळे बसलेत."

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. मग डाव अर्धा टाकून उठले आणि निघून गेले. निकम पुढे येऊन काहीतरी बोलू पाहत होते. जयरामने सायकल काढली.

घरी मालनबाईने विचारलं, जिंकलात का? तो हो म्हणाला.

"मग साहेब काय म्हणाले?"

जयरामने मोरीत जाऊन हातपाय धुतले, पंच्याने तोंड पुसलं आणि पाटावर येऊन बसला.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "वाढ."