इंजिन निवेपर्यंत

चढ निम्मा झाला असेल, तेव्हा सुनेच्या लक्षात आलं की गाडीच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकलाय.

तिचा नवरा कामावर परांचीवरून पडल्याचा फोन सकाळी आला होता. त्याला घाटापलीकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं होतं. धाकटा दीर त्याच्याबरोबर होता. तिने सासूबाईंना मागच्या सीटवर बसवलं आणि तशीच निघाली.

"आई, हीटर लावते. जीव उकडेल, पण इंजिनाची उष्णता तेवढी कमी होईल." हे दिरानेच तिला कधीतरी शिकवलं होतं. त्याचं गॅरेज होतं.

"लाव. भाजून निघेन मी, पण थांबू नकोस."

भर उन्हात गरम झोत तोंडावर घेत त्या वर चढल्या. पुढच्या वळणावर बॉनेटमधून वाफ उसळली आणि थांबावंच लागलं. इंजिन बंद करून तिने दिराला फोन लावला.

"रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस, वहिनी. उकळतं पाणी तोंडावर येईल. आधी निवू दे."

"हे कसे आहेत?"

"डॉक्टर आहेत त्याच्यापाशी. तू गाडीचं बघ."

सासूबाई झाडाखाली दगडावर बसल्या. ती घडीघडी फोन स्पीकरवर लावून विचारायची, आता उघडू का? तो म्हणायचा, अजून थांब. एरवी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ न देणारा हा माणूस आज एकेक शब्द जपून टाकत होता.

अखेर तिने जाड फडकं धरून झाकण सोडवलं आणि पिण्याचं होतं नव्हतं ते पाणी आत ओतलं.

"आता गाडी चालू करून एसी लाव. रेडिएटरचा पंखा फिरतो का बघ. हात लांब ठेव."

"नाही फिरत."

"मग फ्यूज उडाला असेल. गाडी बंद कर. मागची काच तापवायचा फ्यूज त्याच आकड्याचा असेल, तो काढून इकडे बसव."

तिने फ्यूज बदलून गाडी पुन्हा चालू केली. पंखा घरघरला. "फिरला!" ती ओरडलीच. "पोचतोच आम्ही, सांग त्यांना!"

मग दीर म्हणाला, "सावकाश ये."

सासूबाई उठून या वेळी पुढे, तिच्या शेजारी येऊन बसल्या. "हळू चालव गं."

"आई, आधीच किती उशीर झालाय!"

"झालाय खरा," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दीर इस्पितळाच्या फाटकातच उभा होता. त्याचा चेहरा बघताच ती गाडी तिथेच सोडून त्याच्याकडे धावली.

"कधी?"

"तुझा पहिला फोन आला, त्याच्या जरा आधी."

तिने त्याची कॉलर धरली. "आणि मला पंखे फिरवायला लावत बसलास?"

"सांगितलं असतं तर त्या घाटातून गाडी आणली असतीस?"

सासूबाईंनी तिचा हात सोडवला. "मला ह्याच्या आवाजावरूनच कळलं होतं. तुला गाडी चालवायची होती, म्हणून गिळलं सगळं."

एवढं बोलून त्या फाटकातच मटकन खाली बसल्या. त्यांना उठवायला दोघांनाही हात लावावा लागला.