चादरीचे चार कोपरे

सून प्रार्थना करते की उघड्या डोळ्यांनी झोपा काढते, हे सात आठवडे झाले तरी मुकादमीणबाईंना उमगलं नव्हतं. ओठ हलत नाहीत, हातात जपमाळ नाही, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. चार वाजले की हातातली इस्त्री उभी करून ठेवायची आणि समोर चर्चच्या सिस्टरांच्या घरी जाऊन भिंतीवरच्या एका चित्राकडे तासभर टकामका बघत बसायचं. याला प्रार्थना म्हणायचं, तर गोठ्यातली गाय केव्हाच संत व्हायला हवी होती!

मुकादमीण हे काही त्यांचं नाव नव्हे. नवरा गेल्यावर त्यांनी दवाखान्यांच्या चादरी धुवायचं काम धरलं, बारा बायका हाताखाली घेतल्या, आणि गल्लीनं हे नाव चिकटवलं ते चिकटवलंच. शाळा दोन इयत्ता. पण चर्चमधलं शुभवर्तमान ऐकून ऐकून पाठ, आणि प्रार्थना अशी खणखणीत की देवानंच म्हणावं, बाई, जरा हळू.

आज मात्र सुनेनं कहर केला. दारात गवंडी बसलेला, आणि ही चार वाजताच पसार!

गवंडी कशाला, तर भिंत फोडायला. लेक पाण्याच्या टाकीवरून पडला, कण्याला मार बसला, कमरेखाली पायांत जीव उरला नाही. आणून ठेवला मागच्या खोलीत. तिथून बाहेर यायचा बोळ इतका चिंचोळा की चाकांची खुर्ची त्यात शिरेना. सुनेचं एकच म्हणणं: मागची भिंत फोडून गल्लीकडे दार काढू, उतार बांधू, म्हणजे यांना बाहेर नेता येईल. ते एकदा सांगितलं, आणि पुन्हा म्हणून तोंड उघडलं नाही. भांडली असती तर मुकादमीणबाईंनी तिला दोन वाक्यांत गार केलं असतं. गप्प माणसाशी भांडायचं कसं?

"बाई, पाचला माझी गाडी आहे," गवंडी म्हणाला. "धरणावर काम लागलंय. आज हो म्हणालात तर थांबतो, दोन दिवसांत दार काढून देतो. नाहीतर तीन महिने माझं तोंड दिसायचं नाही."

"तुझं तोंड बघायला कोण बसलंय इथं?"

मागच्या खोलीतून लेकाचा आवाज आला, "आई, तुमचं ठरलं की सांगा गं. छताच्या चिरा मोजून झाल्या. आता पाली मोजायला घेतो."

पूर्वी या पोराच्या थट्टेला त्या पोट धरून हसायच्या. आता ती ऐकू येऊ नये म्हणून बादल्या आपटायच्या. त्या भिंतीच्या विटा त्यांनी स्वतः डोक्यावरून वाहिल्या होत्या, हाच पोटात असताना. भिंतीला हात लावू देणार नाही, असं त्या चारचौघांत ठणकावत. खरी गोष्ट मात्र वेगळी होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. दार काढलं, उतार बांधला, म्हणजे माझा लेक आता कधी उभा राहणार नाही हे आपल्याच तोंडानं कबूल केल्यासारखं. आईनंच कबूल केलं, तर देव तरी कशाला धडपडेल?

साडेचार झाले. गवंड्यानं थापी, ओळंबा पिशवीत भरायला घेतला. मुकादमीणबाई उठल्या. काय तो सोक्षमोक्ष सुनेच्या तोंडावर लावायचा, तोही तिच्या त्या चित्रासमोर.

सिस्टरांच्या दारात म्हाताऱ्या सिस्टरनी ओठांवर बोट ठेवलं. "बोलायचं नाही, बाई. कोपऱ्यापासून हळूहळू बघत जायचं. नजर जिथं अडकेल तिथं थांबायचं. बस्स."

"माझी नजर कुठं अडकत नसते," असं म्हणून त्या आत घुसल्या.

सून बाकावर ताठ बसलेली. चाहूल लागली तरी वळली नाही. समोर हातभर उंचीचं जुनं चित्र: येशू घरात बोलत बसलाय, दारात मुंगी शिरायला जागा नाही, म्हणून वरून छप्पर फोडून, चादरीत घालून, लुळा माणूस खाली सोडतायत.

मुकादमीणबाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर त्या चादरीवर गेली. जन्म चादरी पिळण्यात गेलेली बाई. उजव्या कोपऱ्याची गाठ बघितली आणि राहवेना.

"ही गाठ सुटणार," त्या पुटपुटल्या. "कापड तिरकं ताणलंय. पडणार हा."

भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं. मुकादमीणबाईंना निघता येईना. गाठीवरून त्या दोरावर गेल्या, दोरावरून हातांवर. वर चौघं. बरोबर, शुभवर्तमानातही चौघंच होते. मग खाली कोपऱ्यात हा पाचवा कोण, दोन्ही हात डोक्यावर धरलेला, डोळ्यांत माती गेलेला?

"कोण गं हा?"

"घरमालक असावा," सून कुजबुजली. "मलाही पहिल्या दिवसापासून हाच दिसतो."

"याला विचारलं होतं का कुणी, छप्पर फोडू का म्हणून?"

"नाही."

"मग मला कशाला विचारत बसलीस?"

"घर तुमचं आहे, आई. आणि लेकही."

पाचला दहा कमी. बाहेर गवंड्याच्या पिशवीचा खणखणाट ऐकू आला. गडी निघाला होता. मुकादमीणबाईंचे पाय हलले नाहीत. त्या चादरीतल्या माणसाकडे बघत होत्या. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकली, पण ऐकताना मन नेहमी पुढं पळायचं: उठला, खाट उचलली, चालत गेला. चित्रातला हा अजून उठला नव्हता. पाय तसेच लुळे, मधल्यामध्ये लोंबतोय, उठणार की नाही हे त्यालाही ठाऊक नाही. आणि छप्पर फुटून गेलेलं.

फोडणाऱ्यांनी हार मानून फोडलं नव्हतं.

त्या ताडकन दाराशी आल्या. दारातूनच त्यांनी अशी हाक मारली की सिस्टरांच्या हातातलं पुस्तक पडलं. "ए गवंड्या! पाऊल पुढं टाकलंस तर तंगडी मोडीन! मागच्या भिंतीशी जा, आलेच मी!"

मग त्या सुनेकडे वळल्या. तिच्या गालांवरून आता पाणी वाहत होतं, तेही मुकाट्यानं.

"रडायचं ते भिंत पडल्यावर रड, धूळ तरी बसेल," त्या म्हणाल्या. "आणि ऐक. इस्त्रीत तू मंद, बोलण्यात तू मुकी, आणि हट्टात माझ्या वरताण. तुझ्या या बघत बसण्याला मी अजून प्रार्थना म्हणत नाही. पण माझ्या लेकाचा दोर धरायला तुझ्यासारखीच हवी होती. ऊठ, घमेली काढ."