कॅसेटला फुटलेली वायर

गोदामवाले नोकरीतून निवृत्त झाले, पण त्यांच्यातलं गोदाम काही निवृत्त झालं नाही. उभा जन्म आलेला माल आणि गेलेला माल यांच्या मध्ये उभं राहण्यात गेलेला. घरातही काही आत आलं की ‘कुठून?’ आणि बाहेर गेलं की ‘कुणाबरोबर?’ हे विचारल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे.

जावयावर तर लग्नाच्या आधीपासून पाळत. मुलगा व्यसनी नव्हता, उर्मट नव्हता, नोकरीत टिकून होता, आणि नेमकं हेच गोदामवाल्यांना खुपत होतं.

“इतका सरळ माणूस असतो का कुठे?” ते बायकोला म्हणायचे. “फुकटात कोण सरळ राहील?”

आता तर वरच्या मजल्याचा प्रश्न निघाला होता. मुलगी-जावयाच्या भाड्याच्या घराची मुदत संपत आलेली, आणि इथे वरच्या दोन खोल्या नुसत्या धूळ खात पडलेल्या. त्यांनी तिथे यावं असं बायकोचं म्हणणं. खरं तर गोदामवाल्यांनाही ते हवंच होतं. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घर रिकाम्या पिंपासारखं घुमायचं. पण आज वरचा मजला, उद्या खालचा, परवा आपण गच्चीत, हाही हिशेब डोक्यातून जात नव्हता. म्हणून ते ‘बघू’ म्हणाले होते, आणि अजून बघतच होते.

असले विषय ते फक्त गाडीत काढत. घरात स्वयंपाकघराला लागून शेजारणीची खिडकी. गाडीत काचा वर केल्या की निर्धास्त.

गाडी जुनी, पण निगुतीने राखलेली. तिच्यात कॅसेटचा टेप होता, कॅसेट मात्र एकही धड उरली नव्हती. एका रविवारी जावई आला तो काडेपेटीएवढा म्युझिक प्लेअर आणि एक कॅसेट घेऊन. कॅसेटच्या कडेला काळी वायर फुटली होती.

“बाबा, ही कॅसेट टेपमध्ये ढकलायची, वायरचं टोक ह्या प्लेअरला लावायचं. झालं काम. तुमच्या आवडीची जुनी गाणी भरून आणलीत.”

“कॅसेटला वायर कशाला?”

“आत फीत नाहीच. नुसतं डोकं आहे. ते तुमच्या टेपच्या डोक्याला टेकतं.”

“डोक्याला डोकं लावता म्हणा की.”

जावई हसला. गोदामवाले हसले नाहीत.

गाणी लागली. बायको गुणगुणायला लागली. सगळं इतकं छान चाललं होतं की गोदामवाल्यांना घाम फुटला. त्यात निघताना जावई म्हणाला, “पुढच्या रविवारी प्लेअर घेऊन जातो. नवी गाणी भरून परत आणतो.”

म्हणजे ठेवून जाणार, आठवडाभराने घेऊन जाणार. घरातला जुना टेपरेकॉर्डर लाल बटण दाबलं की बोललेलं टिपून घ्यायचा, हे त्यांना नेमकं तेव्हाच आठवलं.

दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना त्यांनी काचा वर केल्या. गाणं चालू म्हणजे खोकंही जागं, म्हणून आधी प्लेअर बंद केला आणि विचारलं, “अगं, ही वायर आवकेची की जावकेची?”

“म्हणजे?”

“खोक्यातला माल टेपमध्ये येतो, की टेपमधला खोक्यात जातो?”

“गाणी ऐकू येतायत ना? मग?”

“ते वरवरचं. पुढून चार पोती उतरवून मागून सहा चढवणारे ट्रक पाहिलेत मी.”

“तो ट्रक होता. हे जावई आहेत.”

“फरक सांग.”

बायकोने कपाळाला हात लावला. गोदामवाल्यांनी मात्र बेत ठरवला होता. चोर पकडायचा तर घरच्यांनाही वास लागू द्यायचा नाही, हा गोदामातला शिरस्ता. त्यांनी प्लेअर पुन्हा चालू केला, आवाज बारीक केला, टेपकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “मी ठरवलंय. घर विकायचं. वर कुणाला आणायचा प्रश्नच नाही.”

बायकोच्या हातातली पिशवी पायाशी पडली. “अहो, काय बोलताय?”

“बोललो ते बोललो.”

पुढच्या रविवारी मुलगी आणि जावई आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. पाणीसुद्धा न घेता मुलगी म्हणाली, “बाबा, आम्ही दुसरं घर बघितलंय. ह्यांच्या ऑफिसकडे. लांब आहे, पण ठीक आहे.”

“तुमचा घराबद्दल काही वेगळा विचार असेल,” जावई म्हणाला, “तर आमची अडचण नको.”

गोदामवाल्यांच्या डोळ्यांत चमक आली. “माझा विचार तुम्हाला कळला कसा?”

मुलीने जावयाकडे बघितलं.

“चला गाडीत! माझा आवाज ऐकवा.”

“कुठला आवाज?”

“ह्या खोक्याने टिपलेला!”

जावयाला समजायला क्षणभर लागला. समजलं तेव्हा तो चिडला नाही, हसलाही नाही. गाडीपाशी येऊन त्याने प्लेअरमधून वायर काढली, त्याच भोकात खिशातला इअरफोन लावला आणि सासऱ्यांच्या कानात घातला. गाणं वाजलं.

“बाबा, हे भोक ऐकण्याचं. इथून आवाज बाहेर येतो आणि वायरीतून टेपमध्ये जातो. उलटं काही येत नाही.”

“मग घराचं कुणी...”

मुलीने मान खाली घातली. दारात उभी असलेली बायको कुंडीतल्या रोपाचं एकेक पान पदराने पुसत होती. ते रोप तिने आजवर कधी पुसलं नव्हतं.

जाताना जावयाने प्लेअर सीटवर ठेवला. “राहू दे तुमच्याकडेच. नवीन गाणी काही भरून आणत नाही आता.”

पुढचे दोन दिवस गोदामवाल्यांचा हात फोनपर्यंत जाई आणि परत येई. घर विकायचं नाही म्हणावं, तर मग विकायचं का म्हणालात, हे आलंच. तुम्हाला चोर समजलो म्हणून, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तिसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन निघाले. काचा वर होत्या. बऱ्याच वेळाने ते टेपकडे वाकले.

“घर विकायचं नाही. वरच्या खोल्यांना रंग द्यायचा. गच्ची गळते, ती आधी. आणि जावई तसा बरा आहे.”

“कुणाला सांगताय?”

“कॅसेटला.”

“ती काही टिपत नाही म्हणाले ना जावई.”

“माहीत आहे मला.”

बायकोने कानावरचा पदर मागे केला. मग म्हणाली, “शेवटचं परत सांगा. नीट ऐकू आलं नाही.”

“जावई बरा आहे.”

“‘तसा’ गाळलात?”

“गाळला.”

बायकोने पिशवीतून फोन काढला, मुलीचा नंबर लावला, कानाला धरला, परत बघितला. “आत रेंज येत नाही हो.”

गोदामवाल्यांनी गाडी कडेला घेतली आणि तिच्या बाजूची काच, आडवे वाकून, स्वतःच्या हाताने खाली केली.