उद्याच्या माणसाचा पाय

“हलू नकोस. आता जरा गरम लागेल, तेव्हा तर अजिबात हलू नकोस,” प्लास्टरकाका लेकीला म्हणाले.

संग्रहालयाच्या तळघरातल्या कार्यशाळेत लेक स्टुलावर बसली होती. तिचा उजवा पाय तेल चोपडून पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवला होता आणि त्यावर ओल्या प्लास्टरचा ढीग होता. चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीतून ती जेवणाच्या सुट्टीत आली होती आणि जेवण राहिले म्हणून वैतागली होती.

“बाबा, अख्ख्या शहरात तुम्हाला दुसरा पाय नाही मिळाला?”

“चार बोटांचा? आणून दाखव.”

ती हसली नाही. जन्मापासून तिच्या उजव्या पायाला करंगळी नव्हती. चालायला त्याची कसलीच अडचण नव्हती. अडचण होती ती बघणाऱ्यांची, आणि सगळ्यांत जास्त तिच्या आईची.

वरच्या मजल्यावर नवे दालन होत होते. आदिमानवापासून आजच्या माणसापर्यंतचे पुतळे काकांनीच कधीकाळी केले होते. आता रांगेच्या शेवटी आणखी एक उभा राहायचा होता, लाखभर वर्षांनंतरचा माणूस. दालनाच्या प्रमुख बाईंनी चित्र काढून दिले होते. कवटी मोठी, जबडा लहान, अंगावर केस नाहीत आणि पायाला चारच बोटे. करंगळीचा आता फारसा उपयोग नाही, ती पुढे नाहीशी होऊ शकेल, असे बाई म्हणाल्या होत्या. त्यातले ‘शकेल’ काकांनी कानाआड केले. ते ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत ते नव्हतेच.

कारण घरी वेगळेच होऊन बसले होते. लेक पोटात असताना बायको एकदा भांडणाच्या तिरीमिरीत उठली आणि प्रार्थनाघराचे दार तिने उजव्या पायाने लाथाडले. पुढच्या महिन्यात लेक झाली, उजव्या पायाला चार बोटे घेऊन. बायकोने मनातल्या मनात दोन्हींचा मेळ घातला. क्षमा मिळेपर्यंत अनवाणी चालेन, असे ती देवासमोर बोलून बसली, आणि लेक तिशीला आली तरी चालतेच आहे. क्षमा मिळाली हे कळणार कसे, असे विचारले की म्हणायची, “कळेल. तो खूण देईल.” काकांनी इतकी वर्षे चालवून घेतले. पण आता तिला मधुमेह होता, आणि उजव्या पायाच्या करंगळीपाशी झालेली जखम काही केल्या भरत नव्हती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले होते, चपला घातल्या नाहीत तर आधी बोट जाईल, मग पाऊल.

काकांनी समजावले, रागावले, अबोला धरला. मऊ तळव्यांच्या चपला आणल्या, त्या दाराशी धूळ खात पडल्या. देवाशी भांडायचे तर तो समोर येत नाही, आणि बायकोशी भांडायचे तर ती त्याच्याकडे बोट दाखवते. अशा माणसाने करायचे काय? म्हणून बाईंचे चित्र हातात आले तेव्हा काका त्या संध्याकाळी जवळजवळ पळतच घरी गेले.

“अगं, शिकलेली माणसं म्हणतायत, पुढं सगळ्यांचेच पाय असे होणार. शिक्षा कसली घेऊन बसलीस? देवानं आधी नमुना पाठवलाय आपल्याकडं.”

बायको भाजी निवडत होती. “नमुना पाठवायला त्याला आपलंच घर सापडलं?”

“का? आपल्यात काय कमी आहे?”

तिने भाजी बाजूला सारली. म्हणाली, “खरंच तसा पुतळा उभा करणार? सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर. वर दिवा सोडून.”

“मग मी येऊन बघीन. तुम्ही म्हणता तसंच असेल, तर खूण समजीन. घालीन चपला.”

एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच इतकी पुढे आली होती. काकांनी लगेच लेकीला फोन केला.

पुतळा झकास झाला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संचालक बाईंबरोबर पाहायला आले. त्यांनी डोके बघितले, हात बघितले आणि पायाशी थबकले.

“एक बोट राहिलं का?”

बाईंनी समजावून सांगितले. संचालकांनी नकारार्थी मान हलवली. “आधीच दोन प्रार्थनाघरांची माणसं येऊन गेलीत. देवानं माणूस पूर्ण करूनच पाठवलाय, त्याच्यापुढं आणखी कोण उभा करताय, म्हणतात. त्यात हे बोट. बाकीच्यांना वाटेल पुतळा फुटलाय. पाच करा.”

“सर, डोकं तरी राहू दे,” बाई म्हणाल्या.

“डोकं ठेवा. बोटाचं बघा.”

ते गेल्यावर काका बाईंवर जवळजवळ खेकसलेच. “मॅडम, तुम्ही बोटासाठी भांडला नाहीत. पुढं हे बोट जाणारच आहे ना?”

“काका, तो अंदाज आहे. जाईल, राहील, कुणी सांगावं?”

“पण माणूस पुढं पुढंच जातोय ना? माझ्या लेकीचा पाय म्हणजे पुढचा पाय.”

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. “तसं नसतं हो. उत्क्रांती कुणाला हात धरून पुढं नेत नाही. तिला कुठं जायचंय हे तिलाच माहीत नसतं. तुमच्या मुलीचा पाय मागचाही नाही आणि पुढचाही नाही. तिचा आहे, बस.”

“मग हा पुतळा कशाला करतोय आपण?”

“तिकिटं खपावीत म्हणून,” बाई म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

काका स्टुलावर टेकले. देवाने मुद्दाम केले नाही, ठीक. पण दुसऱ्या कुणीही मुद्दाम केले नाही, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचे? तिच्या एवढ्या चालण्याची पोच द्यायला वर कुणीच नाही, असे? त्यांना बाईंचा राग आला, संचालकांचा आला, आणि देवाचा तर आलाच. मग त्यांनी प्लास्टर कालवले आणि करंगळी केली. ती इतकी बेमालूम बसली की सांधा त्यांनाही दिसेना. काम मुद्दाम बिघडवायला हात वळले असते, तर तेवढेच समाधान मिळाले असते.

रात्री घरी सांगू म्हणाले, सकाळी सांगू म्हणाले. बायको ठेवणीतले कपडे काढून इस्त्री करत होती. सांगायचे राहूनच गेले. पुतळ्यांच्या एवढ्या गर्दीत कोण बोटे मोजतेय, अशी एक वेडी आशाही होती. उद्घाटनाला जाताना त्यांनी दाराशी पडलेल्या तिच्या चपला पिशवीत घातल्या.

दालनात बायकोने बाकीच्या पुतळ्यांकडे पाहिलेही नाही. गुळगुळीत फरशीवरून, बँडेजचा पाय जपून टाकत ती थेट शेवटच्या पुतळ्याशी गेली, लेकीचा हात धरून वाकली.

“पाच आहेत,” ती म्हणाली.

लेकही वाकली. “बाबा, हा माझा पाय आहे. ही करंगळी कुठून आली?”

“साहेबांनी लावायला सांगितली.”

“आणि तुम्ही लावलीत.”

“म्हणजे त्यांनाही बघवलं नाही,” बायको म्हणाली. “एवढी शिकलेली माणसं, पण चार बोटं त्यांनाही बघवली नाहीत.”

हे बोलताना तिला जिंकल्याचा आनंद झाला असता, तर काकांना भांडता तरी आले असते. पण ती नुसतीच थकलेली दिसत होती.

“अगं, प्रार्थनाघरांची माणसं तक्रार घेऊन येतात म्हणून लावलं ते,” काका म्हणाले. “त्यात देवाचा काही संबंध नाही.”

“तुम्हीच म्हणालात, त्याचा नमुना आहे.”

लेकीचा आवाज चढला. “बास झालं. तू म्हणतेस पाप, बाबा म्हणतात नमुना. माझा पाय आहे तो. त्याच्यासाठी कुणी माफी मागू नका आणि कौतुकही करू नका. आई, तू चप्पल घाल. मला एवढंच हवंय.”

“तुझ्यासाठीच चालतेय ना गं.”

“मी कधी सांगितलं?”

“तुला नाही, त्याला शब्द दिलाय,” आई म्हणाली आणि दाराकडे वळली. लेक तिथेच उभी राहिली, पुतळ्याकडे पाठ करून.

बाहेरच्या पायऱ्यांवर बायकोचे बँडेज सुटले. काकांनी तिला बसवले, स्वतः एक पायरी खाली बसले आणि तिचा पाय मांडीवर घेतला. आत जाणारे लोक त्यांना वळसा घालून जात होते.

“अहो, लोक बघतायत.”

“बघू देत. आत बघायचे पैसे पडतात.”

तिला किंचित हसू आले. काकांनी पट्टी उलगडली. करंगळी काल होती त्याहून काळी पडली होती. त्यांनी अंगठ्याने ती हलकेच दाबली.

“दुखतंय?”

“नाही. तिथं काही कळतच नाही आता.”

त्यांनी चपलांच्या पिशवीकडे हात नेला. तिने नकारार्थी मान हलवली. मग ते पट्टी बांधू लागले, एकावर एक, सुरकुती पडू न देता. गाठ मारून झाली तशी ती त्यांच्या खांद्यावर भार देऊन उठली आणि तापलेल्या पायऱ्या उतरू लागली.