कवडूने पाहिलेलं पाणी

“बाबा, हुडकेश्वरचे पाहुणे मले पाहाले येऊन राहिले. आज पाण्याची गोष्ट काढू नका,” पोह्यांत मीठ टाकता टाकता जयवंता म्हणाली. “तलावातून मुर्दे काढता म्हणून कळलं, तर हेही उठून जातील.”

आधीचे दोन्ही पाहुणे चहा न पिताच उठले होते.

“मुर्द्याचं नाही वं सांगत. अंदमानचं सांगतो.”

“तेही नाही.”

मागच्या महिन्यात एका साहेबांनी आपल्या मुलांवर पाण्यात नजर ठेवायला कवडूला अंदमानला नेलं होतं. तिथे होडी माणसांना प्रवाहाच्या वरच्या अंगाला सोडायची. पाणीच त्यांना पोवळ्यांच्या खडकांवरून वाहून न्यायचं आणि पुढे होडी पुन्हा उचलून घ्यायची. मुलांचं झाल्यावर साहेब म्हणाले, “कवडू, आता तू जा.”

डोळ्यांवर काच, दातांत श्वासाची नळी. कवडूने सवयीने डोळे मिटले. सव्वीस वर्षं तो नागपूरच्या गढूळ तलावांत तसाच उतरत आला होता. तिथे हातच शोधतात, आणि हाताला बहुधा आधी केस लागतात. त्या उथळ, स्वच्छ समुद्रातही त्याचे हात चाचपडत राहिले. धारदार पोवळ्याने तळवा फाटला, तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले. खाली, हातभर अंतरावर, पिवळ्या माशांचा थवा त्याच्यासोबत वाहत होता. पाण्याखाली सगळं जिवंत होतं.

परतल्यापासून हे कुणाला तरी सांगायला तो तडफडत होता.

पाहुणे आले. नवऱ्या मुलाचे वडील रुपराव चहाची बशी ओठाला लावता लावता थांबले. “हाताले काय झालं जी?”

“अंदमानात दगड लागला.”

“अंदमानले गेलते? समुद्रात उतरले का मंग?”

कवडूचा चेहरा उजळला. त्याने कप खाली ठेवला, दोन्ही हात पाण्यावर पसरावेत तसे पसरले, आणि जयवंताकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती. पदराचं टोक मुठीत आवळलेलं.

हात मांडीवर आले.

“नाही जी. मले पोहता येत नाही. पाण्याचं भेव वाटते.”

“वा जी! समुद्रापर्यंत गेले अन् पायही नाही भिजवले!” रुपराव खदखदून हसले. “असा भित्रा व्याही कोणाले भेटला नसंन!”

‘व्याही’ हा शब्द ऐकताच जयवंताही हसली, मोठ्याने.

सगळ्यांचं हसून झाल्यावर कवडू हसला.